सोनोग्राफीत सॅक दिसली, पण बाळ दिसलं नाही. रिपोर्ट कसा वाचायचा?

निळीशाई | ४ नोव्हेंबर, रात्री ११.२०

घरात सगळे झोपलेत. मला झोप येत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आज दुपारी पहिली सोनोग्राफी झाली. ऐरोलीत घराजवळच्याच सेंटरमध्ये गेलो होतो. पाळीची शेवटची तारीख १८ सप्टेंबर, म्हणजे आज ६ आठवडे ५ दिवस भरतात. तपासणी आतून केली. रिपोर्टमध्ये असं आहे: गर्भाशयात एक जेस्टेशनल सॅक, एमएसडी ११ मिमी, त्यावरून ५ आठवडे ६ दिवस. योक सॅक दिसते. फीटल पोल दिसत नाही. ठोके नाहीत. उजव्या ओव्हरीत १८ मिमीची कॉर्पस ल्युटियम सिस्ट. आणि शेवटी, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.

माझ्या गायनॅक रिपोर्ट बघून म्हणाल्या, थांबू या. दिवाळीसाठी कळव्याहून आलेल्या सासूबाई अजून इथेच आहेत. त्यांना रिपोर्ट मराठीत सांगायला गेले, तर त्यांनी एवढंच ऐकलं की पिशवी रिकामी आहे. संध्याकाळपर्यंत चार नातेवाइकांचे फोन येऊन गेले. मोठ्या नणंदेच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं की सातव्या आठवड्यात ठोके नाहीत म्हणजे संपलं, गोळ्या घेऊन मोकळं व्हा. सासूबाईंना वाटतंय की आतून तपासणी केली म्हणूनच काहीतरी बिघडलं.

सहा दिवस मागे म्हणजे वाढ थांबलीय का? ही सिस्ट काय आहे? कुणाला असा रिपोर्ट आला होता का? माझी पाळी ३४-३५ दिवसांनी येते, पीसीओडी आहे. काही माहिती लागली तर विचारा, सगळं सांगते.

पाऊलवाट | ४ नोव्हेंबर, रात्री ११.५२

निळीशाई, मी जागी आहे. आधी पाणी पी. गोळ्या आज घ्यायच्या नाहीत, उद्याही नाहीत. तुझ्या स्वतःच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय ना, मग फोनवरच्या माणसाचं ऐकायचं कशाला? त्यांनी तुझा रिपोर्ट डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नाही.

सोनोवाली | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट आहे. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही, पण हा कागद कसा वाचतात ते सांगते. रोज सकाळपासून दुपारपर्यंत हाच प्रश्न समोर बसलेला असतो.

गरोदरपणाचे आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि त्या हिशोबात पाळी २८ दिवसांची, बीज १४व्या दिवशी सुटलं असं धरलेलं असतं. तुमची पाळी ३५ दिवसांची आहे. पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी बीज सुटतं, म्हणजे तुमच्याकडे ते २१व्या दिवसाच्या आसपास सुटलं असणार. मोजणीतला एक आठवडा तिथेच गेला. ६ आठवडे ५ दिवसांतून ७ दिवस वजा केले की उरतात ५ आठवडे ५ दिवस. सॅकच्या मापावरून आलेत ५ आठवडे ६ दिवस. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. मला यात मागे पडलेलं काही दिसत नाही.

आता काय केव्हा दिसतं ते सांगते. आतून केलेल्या तपासणीत साधारण पाचव्या आठवड्याच्या सुमारास सॅक, म्हणजे गर्भाभोवतीचं पाण्याचं आवरण, दिसते. साडेपाचला तिच्यात एक बारीक गोल कडं दिसतं, ती योक सॅक. सहाव्याच्या आसपास योक सॅकला चिकटून तांदळाच्या कणीएवढा फीटल पोल, म्हणजे गर्भच, दिसतो आणि त्यातच ठोक्यांची फडफड. यात दोन-चार दिवस इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. एमएसडी म्हणजे सॅकच्या तीन दिशांच्या मापांची सरासरी. त्यात ३० मिळवले की ढोबळ दिवस येतात. ११ अधिक ३०, ४१ दिवस, म्हणजे ५ आठवडे ६ दिवस. मशीनने हेच केलंय.

तुमच्या रिपोर्टमधली मोलाची ओळ आहे योक सॅकची. गर्भाशयाच्या आत सॅक आणि तिच्यात योक सॅक दिसली की गर्भ योग्य जागी रुजलाय हे ठरतं. सिस्टची काळजी करू नका. ज्या ओव्हरीतून बीज सुटलं तिथेच कॉर्पस ल्युटियम तयार होतं आणि वार (प्लॅसेंटा) ते काम हातात घेईपर्यंत तेच प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, पुरवतं. ते आपोआप विरतं.

सासूबाईंना सांगा, आतून घातलेला प्रोब योनीमार्गातच राहतो, गर्भाशयाच्या तोंडापलीकडे जात नाही. त्याने गर्भाला धक्का लागत नाही. पोटावरून जे सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसेल ते आतून साधारण आठवडाभर आधी दिसतं, म्हणून आतून करतात.

निळीशाई | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

डॉक्टर, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवणार आहे. पण मग ठोके नाहीत म्हणजे संपलं, असं खात्रीने कधी म्हणतात? ती रेषा कुठे आहे?

सोनोवाली | ५ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

रेषा आहे, आणि ती मुद्दाम लांब आखलेली आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्ट मंडळींनी एकत्र बसून निकष ठरवले, ते २०१३ मध्ये छापून आले. ब्रिटनने त्याच्या आधी, २०११ मध्येच, आपले आकडे वाढवले होते. आतून केलेल्या तपासणीत गर्भाची लांबी, म्हणजे सीआरएल, ७ मिमी किंवा जास्त असूनही ठोके नसतील, किंवा सॅकची सरासरी २५ मिमी किंवा जास्त होऊनही आत गर्भ नसेल, तरच एका तपासणीत तसं लिहितात. बाकी सगळ्यांसाठी दुसरी तपासणी. पहिल्या वेळी नुसती सॅक दिसली असेल तर किमान १४ दिवसांनी, योक सॅकसकट दिसली असेल तर किमान ११ दिवसांनी. तेव्हाही ठोक्यांसह गर्भ दिसला नाही, तर मात्र निदान पक्कं.

तुमची सॅक ११ मिमी आहे, २५ नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये १४ दिवस सांगितलेत, ते योग्य आहे. मधेच चौथ्या-पाचव्या दिवशी जाऊन बघण्याचा मोह आवरा. तेव्हा अर्धवट काहीतरी दिसतं आणि माणूस आणखी घाबरतो.

एक मात्र स्पष्ट सांगते, कारण खोटी आशा लावणं मला पटत नाही. १४ दिवसांनी ठोके दिसतीलच असं मी म्हणत नाही. आज नाही म्हणायला कुणाकडेही आधार नाही, इतकंच म्हणतेय.

मावशी_नौपाडा | ५ नोव्हेंबर, रात्री ९.१५

डॉक्टरबाईंनी आकडे वाढवल्याचं लिहिलंय, ते वाचून माझे डोळे भरून आले.

बाळा, माझी गोष्ट ऐक. २००७ सालचा पावसाळा. तेव्हा सॅक १६ मिमी झाली आणि आत काही दिसलं नाही की निकाल लागायचा. माझी १७ होती. एका रुग्णालयात (नाव घेत नाही) दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी क्युरेटिंगला बोलावलं. त्या रात्री पाऊस कोसळला, गाड्या बंद, माझी आई डोंबिवलीला अडकली. आईशिवाय मी जाणार नाही म्हणून हट्ट धरून बसले. मग ताप आला, मग रविवार आला. असे दहा दिवस गेले. दुसरीकडे दाखवलं, तेव्हा त्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बोट ठेवून दाखवलं. तिथे काहीतरी लुकलुकत होतं.

ती मुलगी यंदा बारावीला आहे. तिला ही गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, तेव्हाचा नियमच तसा होता. पण आज नियम बदललाय, तर त्याचा फायदा तुला मिळायलाच हवा.

कळवा_सिस्टर | ६ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

रात्रपाळी संपवून लिहितेय. मी सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात आहे.

हा जो 'पिशवी' शब्द आहे ना, त्याने आमच्याकडे रोज घोळ होतो. आपल्या बायका गर्भाशयालाच पिशवी म्हणतात. पिशवी काढली, पिशवी खाली आली, पिशवी धुतली. आणि डॉक्टर घाईत सॅकलाही पिशवीच म्हणून जातात. मग 'पिशवी दिसतेय, आत बाळ दिसत नाही' हे वाक्य बाहेर बाकावर बसलेल्या सासूपर्यंत पोचताना 'पोटात काहीच नाही' होतं. गर्भ राहिलेलाच नाही, सून खोटं बोलली, इथपर्यंत गेलेली घरं मी पाहिली आहेत. म्हणून मी सॅकला 'बाळाभोवतीची पाण्याची गोळी' म्हणते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ही पाण्याची गोळीच आधी दिसते, बाळ नंतर. निळीशाई, सासूबाईंना असं सांगून बघ.

अजून एक. सोनोग्राफीच्या आधी आधारकार्ड मागतात, फॉर्म एफ भरून सही घेतात, त्याला बऱ्याच जणी बिचकतात. ती सही गर्भलिंग जाणून घ्यायचं नाही या घोषणेवर असते. केंद्राचा कायदा १९९४ चा, पण त्याआधीच १९८८ मध्ये असा कायदा करणारं आपलं महाराष्ट्र पहिलं राज्य. जिथे हा फॉर्म न भरता गरोदर बाईची सोनोग्राफी होते, तिथून उठून यायचं.

अनुप_घणसोली | ६ नोव्हेंबर, सकाळी १०.४५

नमस्कार. धाग्यात मधेच शिरतोय, माफ करा. माझ्या बायकोचे ५ आठवडे ४ दिवस झालेत, तिची पाळी नियमित आहे. काल सोनोग्राफी झाली, आतूनच. गर्भाशयात सॅकच दिसली नाही. बीटा एचसीजी, म्हणजे रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन, ९४०. तिला कालपासून थोडं स्पॉटिंग आहे, उजव्या बाजूला ओटीपोटात दुखतंय म्हणते. डॉक्टरांनी ४८ तासांनी पुन्हा बीटा करायला सांगितलंय. वरचं सगळं वाचून वाटतंय की आम्हीही दोन आठवडे थांबावं. बरोबर ना?

सोनोवाली | ६ नोव्हेंबर, सकाळी ११.०२

नाही. अनुप, तुमची गोष्ट वेगळी आहे, कृपया दोन्ही एका मापाने मोजू नका.

निळीशाईंच्या रिपोर्टमध्ये गर्भ कुठे आहे ते दिसलंय. तुमच्याकडे तेच अजून कळलेलं नाही. अशा वेळी तीन शक्यता असतात: गर्भ अगदी लहान आहे, किंवा तो टिकला नाही, किंवा तो गर्भाशयाबाहेर, गर्भनलिकेत (नळीत) रुजलाय. ९४० एवढ्या बीटाला नीट रुजलेल्या गर्भाची सॅकसुद्धा न दिसणं शक्य असतं, म्हणून डॉक्टरांनी लगेच निष्कर्ष काढला नाही. पण एका बाजूचं दुखणं आणि रक्तस्राव आहे, त्यामुळे ४८ तासांची तपासणी चुकवू नका, त्याच लॅबमध्ये करा. एवढ्या पातळीवरचा बीटा दोन दिवसांत निदान दीडपट व्हायला हवा. दुखणं वाढलं, चक्कर आली, खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं, तर ४८ तासही थांबायचं नाही.

वागळे_इस्टेट | ६ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

अनुपदादा, डॉक्टरांनी खांद्याचं लिहिलंय ते हलक्यात घेऊ नका. माझं तसंच झालं होतं.

सहावा आठवडा. सोनोग्राफी केलेली नव्हती, शनिवारी जाऊ म्हणून ठेवलं होतं. दोन दिवस कुशीत दुखत होतं. मला वाटलं गॅस आहे, ओवा खाल्ला. गुरुवारी पहाटे उजवा खांदा असा ठणकायला लागला की हात वर होईना. खांद्याचा आणि पोटाचा संबंध कुणाला सुचणार? नवऱ्याने बाम चोळला. बाथरूममध्ये उभी राहिले आणि पुढचं आठवत नाही. १०८ ला फोन केला. नळी फुटली होती, पोटात रक्त साठलं होतं. ते रक्त श्वासपटलाला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं, हे मला नंतर समजावून सांगितलं. एक नळी काढावी लागली. दोन वर्षांनी दुसऱ्या नळीवर मुलगा झाला, तो आता माझ्या मांडीवर झोपलाय.

वहिनींना एकटं ठेवू नका. रात्री तर मुळीच नको.

अनुप_घणसोली | ६ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

सुट्टी टाकली. घरीच आहे.

पाऊलवाट | ७ नोव्हेंबर, रात्री १०.४०

पहिल्या रात्री मी माझं काही लिहिलं नाही, निळीशाई आणखी घाबरली असती. पण इथे सगळे खरं बोलतायत, तर माझंही राहू दे.

मागच्या वर्षी माझा आठवा आठवडा होता. सीआरएल ९ मिमी, ठोके नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की ७ च्या वर आहे, शंका नाही. तरी मी आठवड्याने पुन्हा करून घेतली. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, लगेच हो म्हणाल्या. तेव्हाही ९ च होतं. ती दुसरी सोनोग्राफी माझ्या मनासाठी होती आणि मला तिचा पश्चात्ताप नाही. गोळ्या, आपोआप होण्याची वाट पाहणं, क्युरेटिंग, तिन्ही पर्याय समजावून सांगितले आणि मी माझा निवडला.

मी महिनाभर स्वतःला बोल लावत राहिले. ठाणे स्टेशनच्या पुलावरून धावले होते, पपई खाल्ली होती, सासूशी भांडण झालं होतं. सुरुवातीला थांबणाऱ्या गरोदरपणांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भातच गुणसूत्रांचा दोष असतो, पहिल्या दिवसापासून. माझ्या डॉक्टरांनी हे मला कागदावर काढून दाखवलं, तेव्हा कुठे मी जेवले. कुणाच्याही जिन्याने, पपईने, भांडणाने ते होत नाही.

निळीशाई | ७ नोव्हेंबर, रात्री ११.०५

पाऊलवाट, तू पहिल्या रात्री माझ्यासाठी जागी होतीस आणि हे सगळं पोटात ठेवलं होतंस. काय बोलू गं.

सासूबाईंना 'पाण्याची गोळी' समजली. त्यांनी स्वतःच नणंदेला फोन करून सांगितलं की आता कुणी फोन करायचा नाही. मला मात्र झोपूनच राहायला सांगतात. खरंच पडून राहायचं का? आणि गायनॅकनी प्रोजेस्टेरॉन दिलंय, ते चालू आहे.

कळवा_सिस्टर | ८ नोव्हेंबर, दुपारी २.२०

पडून राहिल्याने गर्भ टिकतो असं कुठल्याही अभ्यासात सिद्ध झालेलं नाही. जड उचलू नकोस, दमलीस तर आडवी हो, बाकी घरातलं जमेल ते कर. प्रोजेस्टेरॉनचं म्हणशील तर २०१९ च्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात, आधी गर्भपात झालेला आहे आणि आता रक्तस्राव होतोय अशा बायकांना त्याचा फायदा दिसला. तुला दोन्ही नाही, तर का दिलंय ते डॉक्टरांना विचार. विचारल्यावर चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. मनाने बंद मात्र करू नकोस. फॉलिक ॲसिड चुकवू नकोस. आणि तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे का ते बघून ठेव. असेल तर रक्तस्राव झाल्यास अँटी-डीचं इंजेक्शन लागेल का, हेही विचारायचं.

निळीशाई | ८ नोव्हेंबर, दुपारी २.४५

बी पॉझिटिव्ह. बाकी प्रश्न वहीत लिहिले.

अनुप_घणसोली | ९ नोव्हेंबर, रात्री ८.००

बीटा ९४० वरून ११८० झाला. दीडपट नाही. त्याच दिवशी दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवलं, उजव्या नळीत लहानशी गाठ दिसली. वेळेत कळल्यामुळे ऑपरेशन लागलं नाही, नळीतल्या गर्भाची वाढ थांबवणारं मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलंय. आता बीटा शून्यावर येईपर्यंत रक्त तपासत राहायचं, फॉलिक ॲसिड सध्या बंद, आणि पुढचे निदान तीन महिने गर्भ राहू द्यायचा नाही. ती रडतेय, पण ती माझ्या शेजारी आहे.

वागळे_इस्टेट ताई, तुमचा मुलगा झोपलेला असताना तुम्ही ते टाइप केलंत. आम्ही दोघंही तुम्हाला विसरणार नाही.

वागळे_इस्टेट | ९ नोव्हेंबर, रात्री ८.२५

दादा, तिला भरवा. आज तेवढंच.

निळीशाई | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ६.५०

आज झाली.

आत जाताना पाय थरथरत होते. नवऱ्याला आत येऊ दिलं. डॉक्टर दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, मी छताकडे बघत १ ते ६० मोजत होते. मग त्यांनी स्क्रीन वळवली.

सीआरएल १३ मिमी. ७ आठवडे ४ दिवस. ठोके मिनिटाला १५२. स्क्रीनवर खाली लाटांसारखी रेघ उमटत होती, ती दाखवली. आवाज ऐकवा म्हटलं, तर म्हणाल्या, इतक्यात नको. मी हट्ट केला नाही.

सासूबाई बाहेर बसल्या होत्या. त्यांना फक्त 'पाण्याच्या गोळीत आहे' म्हटलं.

एकच शंका. आधी डिलिव्हरीची तारीख २५ जून दिली होती, आता ३ जुलै लिहिलीय. म्हणजे अजूनही आठ दिवस मागेच आहे का?

मावशी_नौपाडा | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ७.०१

कोपिनेश्वराला जाऊन आले आत्ता. तुझ्यासाठीच गेले होते.

सोनोवाली | १८ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मनापासून आनंद झाला.

मागे नाही. १४ दिवसांपूर्वी गर्भ दिसतही नव्हता, आज तो १३ मिमी आहे. या काळात तो रोज साधारण १ मिमी वाढतो. पाळीच्या हिशोबाने आज ८ आठवडे ५ दिवस यायला हवे होते, आलेत ७ आठवडे ४ दिवस. नवव्या आठवड्याच्या आत पाच दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर सोनोग्राफीची तारीख धरतात. सीआरएल मोजून आठवडे काढायची पद्धत १९७३ मध्ये ग्लासगोच्या रॉबिन्सन यांनी मांडली आणि सुरुवातीच्या महिन्यांत तिच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही. रिपोर्टवर आठवड्यांपुढे हॅडलॉक किंवा रॉबिन्सन असं काही छापलं असेल, तर तो कुठला तक्ता वापरला त्याचं नाव आहे. तर ३ जुलै हीच तुमची तारीख. पुढे कुठल्याही सोनोग्राफीत ती बदलायची नाही, कुणी बदलून दिली तरी हा आजचा कागद दाखवा.

आवाज न ऐकवणंही बरोबर. त्यासाठी डॉप्लर लावावं लागतं, त्यात गर्भावर जास्त ऊर्जा पडते. पहिल्या महिन्यांत नुसत्या रेघेवर ठोके मोजतात.

एनटी स्कॅनची, म्हणजे बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणाऱ्या सोनोग्राफीची, वेळ कुठली घेतलीय?

निळीशाई | १८ नोव्हेंबर, रात्री ९.४४

८ डिसेंबर. पहिल्या भेटीतच दिली होती.

सोनोवाली | १८ नोव्हेंबर, रात्री ९.५०

ती जुन्या तारखेवरून दिलीय. नव्या हिशोबाने ८ डिसेंबरला तुमचे १० आठवडे ३ दिवसच होतील. एनटीसाठी सीआरएल ४५ ते ८४ मिमीच्या मधे लागतो, म्हणजे ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस. तुमच्यासाठी हा काळ १२ डिसेंबर ते १ जानेवारी. १९-२० च्या आसपासची वेळ मागून घ्या, तिच्या जोडीची डबल मार्करची रक्ततपासणीही त्याच सुमाराला. उद्या सकाळीच फोन करा, नाताळच्या आठवड्यात वेळा लवकर भरतात.

निळीशाई | १९ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

फोन केला. १९ डिसेंबर, सकाळी ११ वाजता. सासूबाई म्हणाल्या, मी तोपर्यंत कळव्याला जात नाही.